त्यांनी म्हणजे कोणी

"माय फादर इज अ टेलर. दे गेट अप अर्ली," जैबुन शिकलगार उभी राहून निबंध वाचत होती आणि मी कपाळाला हात लावून ऐकत होते.

"जैबुन, तुला वडील किती?"

वर्ग हसला. आठवी ब ला हसायला एवढं पुरत असे.

"एकच, बाई."

"मग 'दे' कुठून आलं? एक पुरुष असला की काय म्हणायचं?"

"'ही', बाई."

"मग म्हण की."

तिने वहीत बघितलं, मग माझ्याकडे. "अब्बांना 'ही' कसं म्हणू, बाई? अरेतुरे केल्यागत वाटतंय."

सोलापूर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, आणि दरवर्षी गाडी इथंच येऊन अडायची. आमच्या पोरांना काळ यायचे, स्पेलिंगं यायची, पण वडील आले की 'दे', हेडमास्तर आले की 'दे'. मराठीत 'ते आले' म्हणतो ना, मग इंग्रजीतही तसंच. मी सांगून थकले की बाबांनो, त्या भाषेत मान द्यायची ही सोयच नाही. तिथं देवमाणसालाही 'ही' आणि दरोडेखोरालाही 'ही'. माझा तास झाला की पोरं घरी जाऊन बापाची मनातल्या मनात माफी मागत असतील.

जैबुनचं 'दे' मी खोडतच होते, तेवढ्यात दारात सिस्टर थोरात दिसल्या. शाळेची मागची भिंत आणि सरकारी दवाखान्याची भिंत एकच होती, त्यामुळे सिस्टर ओळखीच्या होत्या. पण ड्यूटीवर असताना त्या कधी शाळेत आल्याचं मला आठवत नव्हतं.

"होनराव बाई, जरा येता का? मंदाकिनी काशीद म्हणून पेशंट आहे. सकाळी आणलीय. तुमचं नाव घेऊन बसलीय."

"काशीद? माझ्या ओळखीत कोणी काशीद नाही."

"माहेरची ढेकळे. तुमचीच विद्यार्थिनी म्हणतीय." आणि मग मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाल्या, "भाजलीय, बाई. लय भाजलीय."

मंदा ढेकळे मला चांगली आठवत होती. विसरावी अशी ती नव्हतीच. याच 'दे'पायी मी तिचे दोन मार्क कापले होते, तर ती पेपर घेऊन स्टाफरूमपर्यंत भांडायला आली होती. "बाई, माझं उत्तर चूक न्हाई, इंग्रजीच उद्धट आहे," असं म्हणाली होती. मी हसू दाबून तिला घालवून दिलं आणि मार्क काही वाढवले नाहीत. दहावी झाल्या झाल्या तिचं लग्न झालं. मध्यंतरी एकदा बाजारात भेटली तेव्हा कडेवर मुलगी होती. बालवाडीत शिकवायला जायचं म्हणते आहे, असं सांगत होती. तोंडभर हसली होती.

वाटेत सिस्टरनी सगळं सांगितलं. मरणाच्या दारातल्या माणसाचा जबाब मॅजिस्ट्रेटने घ्यायचा असतो. तहसीलदार रजेवर, नायब तहसीलदार निवडणुकीच्या कामाला, म्हणून जिल्ह्याहून एक शिकाऊ साहेब आले होते. मद्रासकडचे, मराठी नुकती शिकायला लागलेले. ते डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना मंदाने ऐकलं आणि म्हणाली, माझ्या बाईंना बोलवा, त्यांना इंग्रजी येतं. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो की साहेबांना. पण इतक्या पुरुषांपुढे ती तोंडच उघडेना.

"वाचेल का हो?" मी विचारलं.

सिस्टर भरभर चालायला लागल्या. मी परत विचारलं नाही.

व्हरांड्यात सगळी वरात बसलेली. मंदाचा नवरा एका खांबाला टेकून उभा होता. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. मला बघून त्याने हात जोडले. "नमस्कार, बाई. स्टोचा भडका झाला बघा. मी तर दारात दात घासत होतो." जवळ एक हवालदार बाकावर बसून त्याच्याकडे बघत होता. नवऱ्याचा धाकटा भाऊ पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. आणि पार टोकाला, भिंतीला पाठ लावून, सासू. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते आणि ते तिने ओंजळ धरल्यासारखे पुढे धरले होते. मंदाची मुलगी सोनी तिच्या मांडीवर झोपली होती. पोर घसरत होती, पण म्हातारीला हाताने सावरता येत नव्हतं, म्हणून ती गुडघा वर करून तिला अडवत होती.

मंदाचे वडील, ज्ञानोबा ढेकळे, मला आडवे आले. चादरीच्या मागावर काम करणारा वाळका माणूस. मुलीच्या शाळेत कधी आवाज चढवून बोलला नव्हता.

"बाई, एक ऐका माझं. सकाळी माझ्यापाशी बोलली ती. म्हणाली, दादा, त्यांनी केलं."

"मग तेच ती साहेबांना सांगेल."

"सांगंल. पण नाव घ्यायची न्हाई ती. त्यांनी, त्यांनीच म्हणंल. तुम्ही सायबाला म्हणा, त्यांनी म्हंजे समद्यांनी. नवरा, सासू, दीर. समदे आत गेले पायजेत, बाई. एकाला घातलं तर बाकीचे हितंच माझ्या डोळ्यापुढं हिंडतील."

"दादा, सासूचे हात बघितले का तुम्ही?"

"बघितले. पोरीला धरताना भाजले असतील." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "माझी पोर चाललीय, बाई. तुमचा एक शब्द हाय. एकच."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही सगळं घर आत घातलं असतं आणि वर कुत्र्यालाही घातलं असतं. पण मी तशीच आत गेले.

मंदाला मच्छरदाणीसारख्या कापडाखाली ठेवलं होतं. चेहरा बराचसा वाचला होता. कपाळ आणि डोळे तर अगदी तेच, पेपर घेऊन भांडायला आलेले. बाकीचं मी बघायचं टाळलं. साहेब, सेल्वराज त्यांचं नाव, स्टुलावर बसले होते, मांडीवर पॅड. मिसरूड फुटलेल्या मुलासारखे दिसत होते. डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं आणि ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम," साहेब इंग्रजीत म्हणाले, "ती बोलेल तेवढंच मला सांगा. तिच्या तोंडी काही घालू नका. जास्त नको, कमी नको."

मी म्हटलं, मी आयुष्यभर हेच काम करते आहे.

"बाई, आलात," मंदा म्हणाली. आवाज कागदासारखा होता.

"आले ग. काय झालं ते सांग. सावकाश सांग."

"चहा ठेवत होते. बालवाडीवरनं भांडण झालं. तिथल्या मास्तरावरनं कायबाय बोलणं झालं. मी म्हणलं, मी जाणार." ती थांबली. सिस्टरनी तिच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला. "मग त्यांनी क्यान उचलला. त्यांनी वतलं. त्यांनीच काडी लावली."

मी सांगत गेले आणि साहेब लिहीत गेले. क्यान कोणी उचलला? 'ही'. ओतलं कोणी? 'ही'. विचार करायला मी थांबलेच नाही. लग्न झालेली कुठलीही बाई 'त्यांनी' म्हणाली की कोण, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी स्वतः घरी तेच म्हणत होते.

साहेबांनी पेन उचललं. "मॅडम, ती 'त्यांनी' म्हणाली ना?"

"हो."

"माझ्या मराठीच्या पुस्तकात 'त्याने' म्हणजे 'ही' आहे. 'त्यांनी' म्हणजे 'दे'."

वर्षानुवर्षं मी पोरांचं 'दे' खोडून 'ही' करत आले होते, आणि आज हा पोरगा माझं 'ही' खोडायला निघाला होता. मी त्यांना समजावलं, की नवऱ्याला आमच्याकडे बायका एकेरी बोलत नाहीत, नावही घेत नाहीत. माणूस एकच, पण शब्द अनेकवचनी.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझ्या आईनेही माझ्या वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. पण घरात आणखी कोण होतं ते विचारा."

मी विचारलं. मंदा म्हणाली, "ते होते. आत्याबाई होत्या. धाकटे भाऊजी परसात होते."

"बघा," साहेब म्हणाले. "मला काय कळलं ते मी लिहू शकत नाही. तुम्हाला काय कळलं तेही नाही. ती काय म्हणाली तेवढंच. 'दे' लिहिलं तर बाहेर बसलेली ती म्हातारीही तुरुंगात जाईल. 'ही' लिहिलं आणि उद्या कोणी म्हणालं की मुलगी तर 'त्यांनी' म्हणत होती, तर तो पुरुषही सुटेल. तिला विचारा. नाव सुचवू नका."

"मंदा, त्यांनी म्हणजे कोणी?"

"त्यांनीच, बाई."

"नाव सांग."

तिने डोळे मिटले. सिस्टर थोरात तिच्या कानाशी वाकल्या. "सांग ग माझी बाई. आता काही पाप लागत न्हाई."

मंदाचे ओठ हलले, नाव तोंडात आल्यासारखे. मग तिने ते आत घेतलं. "न्हाई येत," ती म्हणाली. "आयुष्य कमी होतं."

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. कोणाचं आयुष्य ग, असं ओरडून विचारावंसं वाटलं. पण ते बाहेर आलं नाही. मी म्हणाले, "बरं, नाव नको. पण कोण ते तर सांग."

"घरच्यांनी."

आणि मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. आमच्या भागात बायका नवऱ्याला 'आमच्या घरचे' म्हणतात. आणि घरातल्या झाडून सगळ्या माणसांनाही 'घरचे'च म्हणतात. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही अर्थ सांगितले. त्यांनी ओठ आवळले आणि काहीच लिहिलं नाही.

दार थोडं उघडं होतं. तिथून ज्ञानोबांचा आवाज आला. "घरच्यांनी म्हणली! ऐकलं का, सायेब? समदे घरचे!"

हवालदाराने त्यांना मागे ओढलं. दार लावलं तरी त्यांचं रडणं आत येत होतं. मंदाने ते ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं आणि सिस्टरनी टिपलं.

डॉक्टर पुढे येऊन तिची नाडी बघून गेले. "लवकर करा," एवढंच म्हणाले.

मला 'किती जणांनी' असं साधं विचारता आलं असतं. कोणीही तेच विचारलं असतं. पण समोर माझी विद्यार्थिनी होती आणि तोंडाला सवय वर्गाची, त्यामुळे आलं ते वर्गातलंच आलं.

"मंदा, इकडे बघ. त्यांनी ओतलं, असं म्हणालीस. त्यातलं 'त्यांनी' सर्वनाम आहे. वचन ओळख. एकवचन का अनेकवचन?"

डॉक्टर माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. साहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण तेही पेन धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मंदाने डोळे उघडले. क्षणभर ती खोलीत नव्हतीच. पहिल्या बाकावर होती, आणि उत्तर येत होतं.

"आदरार्थी, बाई," ती म्हणाली. "आदरार्थी बहुवचन. माणूस एकच."

मला रडू फुटलं. विद्यार्थ्यांपुढे मी कधी रडले नव्हते. डोळे पुसून मी साहेबांना सांगितलं, शब्द न् शब्द सांगितला. आदरार्थी बहुवचनाला इंग्रजीत नाव शोधता शोधता माझी जीभ अडखळली, कारण तिथं ते नाहीच. पण 'माणूस एकच' हे सरळ सांगता आलं. साहेबांनी तिचे मराठी शब्दसुद्धा माझ्याकडून रोमन अक्षरांत लिहून घेतले, खाली अर्थ लिहिला आणि मला म्हणाले, "आता तो एक कोण, हे तिला विचारा. नाव नको."

"तो एक माणूस तुझा कोण लागतो, मंदा?"

"सोनीचे पप्पा," ती म्हणाली. जसं काही हे तिला आधीपासून सांगायचं होतं आणि कोणी नीट विचारलंच नव्हतं.

मग ती आपणहून बोलायला लागली. दम लागत होता, पण थांबेना. "आत्याबाईंनी घोंगडी टाकली. हातानं इझवलं. मी सोडा म्हणलं तरी सोडलं न्हाई. दादांना म्हणावं, सोनी आत्याबाईंजवळच ऱ्हाऊ द्या. सावत्र आईला मूल नको हाय." ज्ञानोबांनी दुसरं लग्न केलं होतं, ते तेव्हा मला आठवलं. पोरगी बापाला ओळखून होती. मंदाचं हे बोलणं पुढे कोर्टात सासूच्या कामी आलं आणि सोनी तिच्याजवळच वाढली. ज्ञानोबा माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जात.

बाहेर दुपारची सुट्टी झाल्याची घंटा झाली आणि भिंतीपलीकडून पोरांचा गलका आला. साहेबांनी कागद नीट लावले. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवायचा नियम होता. ते एक वाक्य इंग्रजीत वाचणार, मी ते तिला मराठीत सांगायचं, तिने बरोबर म्हणायचं. हाताला अंगठा राहिला नव्हता, म्हणून सिस्टरनी पायाच्या अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणून ठेवलं.

आपलं नाव, बापाचं नाव, गाव. प्रत्येकाला मंदा पापण्या हलवून हो म्हणाली. सकाळची वेळ, चहा, भांडण. बालवाडी आली तेव्हा ती किंचित हसल्यासारखी वाटली. मला तरी तसं वाटलं. तिचा श्वास आता घरघरत होता आणि साहेब त्या मानाने भरभर वाचत होते.

"ही पोअर्ड केरोसीन ऑन मी," साहेबांनी वाचलं.

"त्यांनी माझ्या अंगावर रॉकेल ओतलं," मी सांगितलं. कागदावर 'ही' होतं. पण माझ्याही तोंडाला कुठल्या बाईच्या नवऱ्याबद्दल दुसरं रूप येत नव्हतं. "बरोबर आहे का, मंदा?"

तिने पापण्या हलवल्या नाहीत.

मी परत म्हटलं, "त्यांनी रॉकेल ओतलं. बरोबर?"

"चुकलं, बाई."

साहेबांनी मान वर केली. सिस्टर शाईचं पॅड हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आता ही काय फिरवते, या भीतीने मी तिच्या अगदी तोंडाशी वाकले.

"काय चुकलं, बाळ?"

तिने एकदा दाराकडे बघितलं. दारापलीकडे तो खांबाला टेकून उभा होता.

"त्यानं," ती म्हणाली. मग दम घेतला आणि परत म्हणाली, माझ्याकडे बघून, पाठ म्हणून दाखवावा तसं स्पष्ट. "त्यानं वतलं. त्यानं काडी लावली."

सिस्टरनी पदराने तोंड झाकलं.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं. त्यांनी पेनाचं टोक त्या ओळीवर आणून ठेवलं होतं. "मॅडम, काय बदलायचं?"

मी कागदावरची ती ओळ वाचली, परत एकदा वाचली.

"काही नाही, सर," मी म्हणाले. "इंग्रजीत तो फरक लिहिता येत नाही."